वजीरकाकांचा पंखा

कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्यावर फुंकर मारायची, ही त्याची खोड. किल्लीवर फुंकर, चष्म्यावर फुंकर, कोणी पुढे केलेल्या बिस्किटावरही फुंकर. म्हणून सगळी गल्ली त्याला फुंकर म्हणायची. खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण ती ‘अहो’ म्हणते, त्यामुळे खात्री देता येत नाही. ‘लग्नात ह्यांनी माझ्याही तोंडावर फुंकर मारली होती, धूळ उडतेय का बघायला,’ असं ती चारचौघींत सांगते, आणि तोही नाकारत नाही.

त्याचा धंदा म्हणजे घरगुती कम्प्युटर जुळवून देणं आणि मग त्यांची निगा राखणं. दुकान नाही. पुढच्या खोलीत एक लांबलचक टेबल, त्यावर उघडी पडलेली कॅबिनेटं, वायरींचे गुंते, आणि स्क्रूंनी भरलेला काचेचा वाडगा. हा वाडगा बायकोच्या माहेरचा होता आणि तो विषय घरात अजून मिटलेला नाही. कोणी कम्प्युटर घ्यायचा म्हणून आलं की फुंकर आधी मशीनबद्दल बोलतच नसे. बसणार कोण, खुर्ची कुठे येणार, खोलीत ऊन कुठल्या बाजूने येतं, शेजारी स्वयंपाकघर आहे का, फोडणीचा धूर तिकडे वळतो का, अशी उलटतपासणी चालायची. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, ‘अरे, जागा भाड्याने नाही घेत, कम्प्युटर घेतोय.’ तो म्हणायचा, ‘मशीनला भाड्यानेच राहायचंय ना तुमच्याकडे.’ मग कोणी पेपरात वाचून सगळ्यात तगडा प्रोसेसर मागितला की विचारायचा, ‘भाजी आणायला ट्रक काढता का?’ पैसे वाचवायचेच असतील तर दिव्यांच्या झगमगाटात वाचवा, पॉवर सप्लायमध्ये नको, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पॉवर सप्लाय हलका निघाला की तो एकटा जात नाही, सगळ्या घरादाराला घेऊन जातो.

मशीन बिघडलं की तो डोळे मिटून कॅबिनेटला कान लावायचा. दाराला कान लावणाऱ्यांची गल्लीत वाण नाही, पण पैसे मिळायचे ते एकट्या फुंकरला. कुठला पंखा सुकला, कुठल्या डिस्कची अखेर जवळ आली, हे त्याला आवाजावरून कळे.

आणि त्याचा एक रिवाज होता. घरात नवं मशीन बसवलं की त्या घरच्या जुन्या मशीनमधला एक तरी चालता भाग त्यात घालायचा. पंखा, वायर, अगदीच काही नाही तर एखादा स्क्रू. ‘नव्याला घरची ओळख राहते,’ म्हणायचा. लोक हसायचे, पण बसवू द्यायचे. बायकोने एकदा विचारलं होतं, ‘मला ह्या घरात आणलंत तेव्हा कुठला जुना भाग जोडला होतात?’

‘आई,’ तो म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

हा रिवाज त्याने आयुष्यात एकदाच मोडला.

गल्लीच्या टोकाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वजीरकाका राहायचे. पाणीखात्यात मीटर वाचत जन्म गेला. निवृत्त झाल्यावर दुपारची वामकुक्षी सोडली आणि बुद्धिबळ धरलं. ऊन खिडकीतून सरकत कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत आलं की काका मशीन सुरू करायचे आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांशी डाव मांडायचे. वजीर गेला की मोठ्याने हळहळायचे, म्हणून वजीरकाका. मशीन फुंकरनेच जुळवलेलं. त्यातला मागचा पंखा एकदा आवाज करायला लागला, तेव्हा काकांनी फुंकरला बोलवायच्या ऐवजी जाळीतून पेन्सिल घालून तो थांबवायचा प्रयत्न केला. एका पात्याचा कोपरा उडाला. फुंकरने त्या पंख्याच्या आसाला शिवणयंत्राचं तेल सोडलं. पंखा चालू लागला, पण तेव्हापासून त्याची एक चाल बसली: घर्र, घर्र, टक. घर्र, घर्र, टक.

‘बदलून टाकू का?’ फुंकरने विचारलं होतं.

‘राहू दे रे,’ काका म्हणाले. ‘ही स्वयंपाकघरात असली तरी तिला कळतं, मी जागेवर आहे ते.’

त्याच खुर्चीत एका दुपारी काका गेले. काकूंनी नेहमीसारखा चहा आणून ठेवला, आणि काका चालीचा विचार करतायत असं समजून समोर बसून राहिल्या. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी मान वर झाली नाही. पडद्यावर समोरच्याची चाल होऊन गेली होती.

त्यानंतर घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं, पण मशीन बंद करायचा धीर कोणाला झाला नाही. शेवटी काकूंनी फुंकरला निरोप पाठवला. तो गेला तेव्हा कोपऱ्यात तेच चाललं होतं: घर्र, घर्र, टक.

‘बंद कर बाबा, आणि घेऊनच जा,’ काकू म्हणाल्या. ‘हा आवाज ऐकला की वाटतं बसलेत.’

त्याने मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. पंखा मात्र बराच वेळ गरगरत राहिला, निघायला तयार नसलेल्या पाहुण्यासारखा.

डिस्क काढून त्याने काकूंच्या हातात दिली. बाकीचं सगळं भंगार होतं. फक्त पंखा चांगला होता, आणि रिवाजाप्रमाणे तो त्याच घरात राहायला हवा होता. पण त्या घरात नवं मशीन येणारच नव्हतं. पंखा फुंकरच्या टेबलावर पडून राहिला. तेवढ्यात काकूंच्या बरोबर खाली राहणाऱ्या टेलरच्या कम्प्युटरचा पंखा जळला. टेलरला कपड्यांची डिझाइनं त्याच दिवशी पाठवायची होती, तो दारात पाय आपटत उभा. फुंकरने हाताशी होता तो पंखा उचलला, फुंकर मारली आणि बसवून टाकला. कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच, नाहीतर संध्याकाळच्या आत गल्लीला कळलं असतं.

मग काही महिने गेले आणि काकूंची मुलगी त्याच्या दारात आली. लांबच्या शहरात नोकरीला. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

‘दादा, आईकडे एकदा याल? तिला रोज दुपारी बाबांचा कम्प्युटर ऐकू येतो.’

‘तो तर मी आणला ना, ताई.’

‘तेच सांगतेय मी तिला. कोपरा रिकामा आहे, दिसतोय. तरी रोज चहा करून तिथे नेऊन ठेवते. मला तर काहीच ऐकू येत नाही.’ तिचा आवाज जरा खाली आला. ‘मी तिला घेऊन जाणार आहे. घर बंद करणार. तिला यायचं नाहीये, दोन दिवस झाले माझ्याशी धड बोलत नाही. पण अशा डोक्याने एकटीला कशी ठेवू? तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. तिथे काही नाही म्हणून.’

फुंकर दुसऱ्या दिवशी गेला. ऊन अजून खिडकीच्या गजांवर होतं. कोपऱ्यात टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. फरशीवर जिथे कॅबिनेट असायचं तिथे एक फिकट चौकोन उरला होता. काकूंनी स्टूल पुढे केलं. मुलगी दाराला टेकून उभी होती, हातात फोन.

ऊन फरशीवर उतरलं, सरकत सरकत त्या चौकोनाला लागलं.

घर्र, घर्र, टक.

फुंकरने मान तिरकी करून ऐकलं. मशीनच्या आवाजात त्याचा कान फसणं शक्य नव्हतं. ते उडालेलं पातं, ते तेल, ती चाल, सगळं तेच. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांना त्याच्या चेहऱ्यावरच सगळं दिसलं असणार.

मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. खाली टेलर. टेलरच्या मशीनमध्ये काय बसवलंय, ते आठवलं.

‘काकू, उद्या सांगतो,’ म्हणून तो उठला आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेला. टेलरचं मशीन बरोबर त्याच कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून ठेवलेलं. मशीन कधी भिंतीला चिकटवू नये, गरम हवा कोंडते आणि आवाज भिंतीत शिरतो, हे फुंकरने टेलरला किती वेळा सांगितलं होतं.

‘दुपारी चालू असतं का रे हे?’

‘दुपारीच तर असतं. सकाळी मापं, संध्याकाळी गिऱ्हाईकं. का रे? तोंड का उतरलंय? सासू आली का?’

‘पंखा बदलायचाय.’

‘चांगला चालतोय की. टकटक करतो तेवढीच सोबत.’

‘फुकट बदलतोय.’

‘मग दोन बदल,’ टेलर म्हणाला.

फुंकरने नवा पंखा बसवला, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि जुना पंखा शर्टाच्या खिशात घातला. घरी जाताना शीळ घालत गेला म्हणे. आपल्याच हातचा घोळ होता, भूतबीत काही नव्हतं, ह्यासारखं सुख नाही.

दुसऱ्या दुपारी तो पंखा खिशात ठेवूनच काकूंकडे गेला. आल्या आल्या काढून दाखवायचा, खालच्या टेलरची गोष्ट सांगायची, मुलीला पटवायचं की आईचं डोकं ठिकाणावर आहे आणि कान तर तिच्याहून बरे आहेत. काकू घरातच राहिल्या असत्या. सगळं जुळवून आणलं होतं त्याने. मुलगी बॅगा भरत होती. काकूंनी चहा केला, एक कप त्याला दिला आणि एक कोपऱ्यात, त्या चौकोनाजवळ ठेवला.

‘आई, प्लीज,’ मुलगी म्हणाली.

‘असू दे गं. सांडत नाही कोणी.’

‘ताई, मला कळलंय काय ते,’ म्हणत फुंकरने खिशात हात घातला. तेवढ्यात ऊन चौकोनाला लागलं.

घर्र, घर्र, टक.

त्याचा हात खिशातच राहिला. बोटांना पंखा लागत होता, त्या तुटक्या पात्याची धार लागत होती. पातं जागचं हललं नव्हतं. आवाज कोपऱ्यातून येत होता. खाली टेलरचं मशीन बंद होतं, चढून येतानाच त्याने बघितलं होतं, टेलर कापड आणायला गेला होता आणि दाराला कुलूप होतं.

काकूंनी कपातला चहा बशीत ओतला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘ऐकतोस ना?’

‘काय कळलंय, दादा?’ मुलीने विचारलं. ‘मला तर काही ऐकू येत नाहीये. तुम्हाला येतंय?’

हो म्हणावं तर एका वेड्याला दुसरा वेडा साक्षीदार. नाही म्हणावं तर काकूंच्या बॅगेची चेन लागलीच म्हणून समजा. फुंकरला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याच्या घरी ते खातं बायकोकडे होतं. पण तिचं ऐकून ऐकून थोडं हाताला लागलं असावं.

‘खालच्या टेलरचं मशीन,’ तो म्हणाला. ‘भिंतीला चिकटलेलं होतं. आवाज भिंतीतून चढतो आणि ह्या रिकाम्या कोपऱ्यात घुमतो. तुम्ही दारात उभ्या आहात, तिथे पोचत नाही. खोली भरलेली असेल तर असं होत नाही. ह्या कोपऱ्यात काहीतरी पाहिजे.’

‘कपाट ठेवू?’

‘कम्प्युटर ठेवू,’ काकू म्हणाल्या.

मुलगी वळली. ‘आई, तुला कम्प्युटर कशाला?’

‘तू फोन करतेस तेव्हा तुझं तोंड एवढुसं दिसतं. त्यात नाक आणि कपाळच असतं बहुतेक वेळा. मोठ्या पडद्यावर बघेन.’

‘मग लॅपटॉप घेऊ. टेबलावर राहील, आवाज नाही, काही नाही.’

‘मला खोका पाहिजे. बाबांसारखा.’

ह्यावर आईलेकींचं जे काही झालं ते दोन मजल्यांना ऐकू गेलं, आणि ते भिंतीतून घुमलेलं नव्हतं. तेवढ्या वेळात कोपऱ्यातला आवाज कधी थांबला ते फुंकरला कळलं नाही. शेवटी मुलगी स्टुलावर बसली आणि थकून म्हणाली, ‘काय काय लागेल सांगा, दादा.’

मग फुंकर रंगात आला. रंगात आला की त्याला भीती वाटत नसे, म्हणून जरा जास्तच आला. प्रोसेसर साधाच, ज्याच्यात चित्र दाखवायची सोय आतच असते तो, वेगळं कार्ड नको. रॅम बेताची, पण पुढे वाढवता येईल अशी जागा मदरबोर्डवर मोकळी. जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चालू केल्यावर जप करत बसायला नको. पॉवर सप्लाय चांगल्यातला, तिथे घासाघीस नाही. खाली लहानसा यूपीएस, वीज गेली तर मशीन दचकत नाही. कॅबिनेट फरशीवर नको, विटेएवढ्या उंच लाकडावर, आणि भिंतीपासून दूर.

‘दिवे बिवे लागणारं नको हं,’ काकू म्हणाल्या. ‘आणि बटण पुढे, गुडघ्याशी. वाकायला नको.’

‘पुढेच देतो.’

‘आवाज करेल का?’

‘नाही, काकू. आताचे पंखे आवाजच करत नाहीत. कान लावला तरी कळत नाही.’

काकूंनी बशी खाली ठेवली. बशीतल्या चहाकडे बघत म्हणाल्या, ‘तुझा तो काय रिवाज आहे ना, घरातलं जुनं काहीतरी नव्यात बसवायचा?’

फुंकरने खिशातून पंखा काढला. काकूंनी तो हातात घेतला, तुटक्या पात्यावरून अंगठा फिरवला. हा तुझ्याकडे कसा, एवढे दिवस कुठे होता, काही विचारलं नाही. ‘हा लाव,’ म्हणाल्या. मुलीला मात्र फुंकरने निघताना सांगितलं, काकांचा हाच पंखा टेलरच्या मशीनमध्ये होता.

आठवड्याभरात मशीन बसलं. मुलगी तोवर थांबली होती. काकूंनी गुडघ्याशी हात नेऊन बटण दाबलं, आणि पाठीमागच्या जाळीतून घर्र, घर्र, टक सुरू झालं. मुलीने कान टवकारले. पहिल्यांदाच तिला ऐकू आलं.

‘हाच ना आवाज, आई? हाच तुला ऐकू यायचा?’

‘हाच.’

‘बघ. म्हणजे पंखाच होता. उगाच आपण घाबरलो.’ ती हसली, तिचे डोळे भरून आले आणि दोन दिवसांनी ती एकटीच गेली. तिला आवाजाचा धनी सापडला होता. जाताना फुंकरला म्हणाली, ‘दादा, मशीनकडे लक्ष ठेवा हं.’ मशीन कोणाला म्हणाली ते त्याला बरोबर कळलं.

त्याने लक्ष ठेवलं. दर दोन-तीन महिन्यांनी जायचा. कॅबिनेट उघडायचं, ब्रशने धूळ काढायची, प्रोसेसरवरच्या कूलरच्या फटी मोकळ्या करायच्या, गरज वाटली तर त्याखालची, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावायची, पंख्याच्या आसाला तेलाचा थेंब. काकू मुलीशी मोठ्या पडद्यावर बोलायच्या. मुलीचं अख्खं तोंड दिसायचं, आणि मागचा पसाराही, त्यावरून बोलणी खायची ती. काकू तरतरीत दिसत होत्या. घर उघडं होतं. फुंकरला वाटलं, जमलं. तो आवाज आता मशीनचाच आहे, दुसरा कुठला असलाच तर ह्यात मिसळून गेला. तो नेहमी सकाळीच जायचा, हे मात्र त्याने स्वतःलासुद्धा कधी कबूल केलं नाही.

एकदा सकाळी जमलं नाही, दुसऱ्या एका घरी मशीनच्या पोटात झुरळांनी संसार थाटला होता, तो उठवता उठवता दुपार झाली. काकूंकडे पोचला तेव्हा ऊन गजांवर होतं.

‘आज उशीर केलास,’ काकू म्हणाल्या.

‘उद्या येऊ का?’

‘ये की आत. तुला काय कोणी खातंय?’

त्याने प्लग काढला. नुसतं बटण बंद करून तो कधीच आत हात घालत नसे. यूपीएस बंद केला, सगळ्या वायरी सोडवल्या, कॅबिनेट पुढे ओढून झाकण काढलं. पंख्याचे चार स्क्रू काढून पंखा बाहेर घेतला आणि मांडीवरच्या फडक्यावर ठेवला. पात्यांवर राखाडी धुळीचा थर होता. त्याने सवयीने ओठांचा चंबू केला.

ऊन लाकडाच्या पाटापर्यंत आलं.

घर्र, घर्र, टक.

पंखा मांडीवर होता. प्लग काढलेला, वायर फरशीवर मेलेल्या सापासारखी. उघड्या कॅबिनेटच्या आत मागच्या जाळीशी पंख्याच्या जागी गोल भोक होतं आणि त्या भोकातून भिंत दिसत होती. आवाज तिथून येत होता, शांत, एका लयीत. आणि त्या भोकाच्या कडेला लागलेली धूळ हलकेच आत ओढली जात होती.

फुंकरचे ओठ तसेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडातून वारा निघाला नाही.

काकू स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आल्या. एक त्याच्यापाशी ठेवला, एक टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी. मग त्या कोपऱ्याकडे बघून, काका जिवंत असताना ज्या सुरात बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या, ‘थांबा हो जरा. पुसतोय ना तो. नुसती घाई.’

आवाज थांबला.

खोलीत एवढी शांतता झाली की खाली टेलरची कात्री ऐकू येत होती. फुंकरने ब्रश उचलला. एकेक पातं पुसलं, तुटकं पातं सगळ्यात शेवटी. तेलाचा थेंब सोडला. पंखा जागेवर बसवला, स्क्रू आवळले, झाकण लावलं. काकू चहा पीत बसल्या होत्या. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. प्लग हातात घेतला आणि बोर्डाकडे वळला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मुलगी होती.

‘दादा, आईकडे आहात का? तिचा फोन लागत नाही. मशीन ठीक आहे ना? बिघडलं तर सांगा हं लगेच, मला मग झोप लागत नाही.’

काकूंनी कप खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि कोपऱ्याला म्हणाल्या, ‘झालं हो.’

घर्र, घर्र, टक. घर्र, घर्र, टक.

‘ऐकू येतंय का, ताई?’ फुंकरने विचारलं. प्लग त्याच्या मुठीत होता, त्याच्या पिना तळहाताला टोचत होत्या.

‘हो, येतंय ना,’ ती पलीकडून हसली. ‘चालू आहे म्हणजे.’

त्याने काकूंकडे बघितलं. काकू टेबलावरच्या कपावर बशी झाकत होत्या, चहा निवू नये म्हणून.

‘चालू आहे,’ तो म्हणाला. ‘काळजी करू नका. अगदी व्यवस्थित चालू आहे.’